डॉस ६.२२ दुसरी फ्लॉपी ओळखत नाही आणि सीएफ कार्डावरून संगणक सुरू होत नाही

प्रश्न : सांगलीकर४८६

नमस्कार. वडिलांचा ४८६ संगणक पुन्हा चालू करण्याच्या खटपटीत मी गेले तीन आठवडे आहे आणि दोन ठिकाणी अडकलो आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत की एकाच दुखण्याची दोन रूपे, हेही मला उमजत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच मांडतो.

यंत्र असे आहे : डीएक्स२-६६ प्रोसेसर, ८ एमबी मेमरी, सुरू होताना पडद्यावर दिसणारे बायॉसचे (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डवरच चिपमध्ये असलेल्या कार्यक्रमाचे) वर्ष १९९३ आणि आयएसए खाचेत, म्हणजे जादा कार्डे बसवण्याच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत, सी-डॅकचे मराठी अक्षरे दाखवणारे जिस्ट कार्ड. वडिलांचे न्यायालयाजवळ टंकलेखनाचे दुकान होते आणि १९९४ ते १९९९ या काळात त्यांनी केलेला मराठी मजकूर पाच डब्यांतल्या फ्लॉप्यांवर आहे. 'डॉसबॉक्स (आजच्या संगणकावर डॉसची नक्कल चालवणारा कार्यक्रम) वापरा' असे कोणी सुचवील म्हणून आधीच सांगतो, की ते कार्ड आयएसए खाचेतच बसते आणि मला तो मजकूर त्याच कार्डावर, त्याच पडद्यावर उघडलेला पाहायचा आहे. मूळची ४२० एमबीची हार्ड डिस्क चालू केली की सातआठ वेळा टक् टक् करून गप्प बसते, त्यामुळे ती काढून ठेवली. तिच्या जागी ४ जीबीचे सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड आयडीई, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीच्या, अडॅप्टरवर बसवले आहे.

पहिली अडचण अशी. डॉस ६.२२ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रणालीच्या तीन फ्लॉप्यांपैकी पहिली घातली, की संगणक तिच्यावरून व्यवस्थित सुरू होतो, सेटअप चालू होतो, कार्डावर विभाग पाडून फॉरमॅटही करतो. मग दुसरी फ्लॉपी मागतो. ती घालून एंटर दाबले, की पुन्हा दुसरीच फ्लॉपी मागतो. हे कितीही वेळा केले तरी तेच. मला वाटले ड्राइव्ह गेला, म्हणून भंगारबाजारातून दुसरा आणला; तेच झाले. एका मित्राकडचा तिसरा ड्राइव्ह लावून पाहिला, तरीही तेच. तिन्ही फ्लॉप्या दुसऱ्या संगणकावर विनातक्रार वाचल्या जातात.

दुसरी अडचण. फ्लॉपीचा नाद सोडून मी सीएफ कार्ड लॅपटॉपला लावले, ते शून्यांनी पुसले, लिनक्समधल्या एफडिस्क या विभाग पाडणाऱ्या कार्यक्रमाने त्यावर डॉसला वाचता येणाऱ्या एफएटी१६ पद्धतीचा २ जीबीचा विभाग पाडला आणि डॉसच्या फायली त्यावर उतरवल्या. कार्ड ४८६ मध्ये लावले तर डाव्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकत राहिला. कुठेतरी वाचून फ्लॉपीवरून 'एफडिस्क /एमबीआर' हा आदेश दिला, तर आता कर्सरऐवजी 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' असा संदेश येतो. म्हणजे मी होते तेही बिघडवले का? बायॉसमध्ये आपोआप ओळखीचा पर्याय घेतला तर कार्डाचे आकडे (डिस्कवरची जागा मोजण्याची तीन मापे) ७७६९ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर असे दिसतात. डॉसच्या एफडिस्कला मात्र एकूण ५०४ एमबीच दिसते. कार्ड बनावट आहे की काय, अशीही शंका येते.

प्रतिसाद : तांबडीपट्टी

ही दोन वेगळी दुखणी आहेत. मी फ्लॉपीपुरते बोलतो, कारण त्यातल्या धोक्याची तुम्हाला कल्पना नसावी.

आधी एक साधी चाचणी करा. पहिल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करा, सेटअपमधून बाहेर पडून डॉसच्या ओळीवर या आणि 'डिर ए:' द्या. यादी आली, की फ्लॉपी काढून दुसरी घाला आणि पुन्हा 'डिर ए:' द्या. माझा अंदाज असा, की पहिल्याच फ्लॉपीची यादी पुन्हा येईल, आणि तीही झटकन, ड्राइव्हमधले हेड सरकल्याचा तो खरखरता आवाज न होता. तसे झाले, तर तुमचा संगणक दुसरी फ्लॉपी वाचतच नाही. फ्लॉपी बदलली आहे हे त्याला ठाऊकच नाही.

फ्लॉपीच्या केबलमध्ये ३४ तारा असतात. विषम क्रमांकाच्या सगळ्या जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या. सम क्रमांकाच्या तारांवरून संकेत जातात. त्यांतली शेवटची, ३४ वी, तार 'फ्लॉपी बदलली' एवढे सांगण्यापुरतीच आहे. फ्लॉपी बाहेर काढली, की ड्राइव्ह ती तार खाली खेचतो, आणि नवी फ्लॉपी आत येऊन हेड एकदा हलेपर्यंत ती तशीच राहते. डॉस फ्लॉपीला हात घालण्याआधी या तारेची चौकशी करतो. बदल झालेला नाही असे उत्तर आले, तर मघाशी वाचून मेमरीत ठेवलेली यादी आणि एफएटी (कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ता) यांवरच तो विसंबतो, कारण फ्लॉपी पुन्हा वाचणे हे त्या काळी फार वेळखाऊ काम होते. आता ही तार तुटलेली असेल, तर उत्तर नेहमीच 'बदल नाही' असे येणार. तुमचा सेटअप पुन्हा पुन्हा दुसरी फ्लॉपी मागतो, तो यामुळेच : त्याच्या दृष्टीने आत अजून पहिलीच फ्लॉपी आहे.

तुम्ही तीन ड्राइव्ह बदललेत आणि लक्षण तसूभरही बदलले नाही. अशा वेळी जी वस्तू बदललेली नाही तिच्याकडे पाहावे, आणि ती म्हणजे केबल. तांबडी पट्टी असलेली कडा ही १ नंबरची तार. तिच्या बरोबर समोरची कडा ३४ नंबरची. केबल ओढून काढण्याची सवय असेल, तर कडेची तारच आधी कनेक्टरच्या दातांतून सुटते. मल्टिमीटर असेल तर दोन्ही टोकांच्या ३४ व्या छिद्रांमध्ये सातत्य तपासा, आणि तपासताना केबल थोडी वाकवून पाहा, कारण कधीकधी तार सरळ असताना जोडलेली आणि वाकली की सुटलेली असते. नवीन केबल घेताना मध्ये पिळा असलेलीच घ्या. १० ते १६ क्रमांकाच्या तारा जिथे उलट्या होतात, त्या पिळ्याच्या पलीकडे लावलेला ड्राइव्ह ए: होतो. केबल उलटी लावली गेली तर ड्राइव्हचा दिवा संगणक चालू केल्यापासून सतत जळत राहतो. घाबरू नका, फक्त उलटून लावा.

केबल ठीक निघाली तर ड्राइव्हवरचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) पाहा. काही जुन्या ड्राइव्हांवर ३४ व्या पिनेवर काय पाठवायचे हे ठरवणारा जंपर असतो. त्याच्याजवळ 'डीसी' किंवा 'आरडीवाय' अशी अक्षरे दिसतील. पीसीला डीसी लागते. यंत्रसामग्रीतून काढलेले ड्राइव्ह भंगारात येतात, त्यांत तो 'आरडीवाय'वर असू शकतो, पण त्याचे लक्षण तुमच्यासारखे नसते. उलट तिथे पीसीला फ्लॉपी सतत बदललेलीच दिसते आणि 'नॉट रेडी' असा संदेश येतो. त्या पिनांवर जंपरची टोपी बसवलेलीच नसेल, तर मात्र तुमच्यासारखेच घडेल.

आता धोक्याचे सांगतो. ही तार दुरुस्त होईपर्यंत वडिलांची एकही फ्लॉपी या यंत्रात लिहिण्यायोग्य स्थितीत घालू नका. समजा तुम्ही पहिल्या फ्लॉपीची यादी पाहिली, दुसरी घातली आणि तिच्यावर एखादी छोटी फाइल साठवली. डॉस पहिल्या फ्लॉपीची एफएटी आणि यादी खरी मानून ती दुसरीवर लिहून टाकील. दुसऱ्या फ्लॉपीवरचा मजकूर जागच्या जागी राहील, पण तो कुठे आहे हे सांगणारा नकाशाच पुसला जाईल. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी, म्हणजे आरपार दिसेल अशी सरकवली, की ड्राइव्ह तिच्यावर लिहीत नाही. पाचही डब्यांतल्या फ्लॉप्यांच्या खिडक्या आज बसून उघडा. कंटाळवाणे काम आहे, पण तासाभरात होते.

तात्पुरता उपाय हवा असेल, तर संगणक ज्या फ्लॉपीवरून सुरू करता तिच्या प्रतीवरील कॉन्फिग.सिस या फाइलमध्ये 'ड्राइव्हपार्म=/डी:० /एफ:७' अशी ओळ घालता येते; अर्थात ती इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत, DRIVPARM=/D:0 /F:7 अशी लिहायची. तिच्यात /सी हा भाग न लिहिल्यामुळे या ड्राइव्हला बदल सांगणारी तार नाही असे डॉस धरून चालतो. मूळ फ्लॉपीत मात्र ढवळाढवळ करू नका.

प्रतिसाद : बायॉसबुवा

तांबडीपट्टी यांनी फ्लॉपीचे नेमके सांगितले आहे. मी कार्डाकडे वळतो. तुमचे कार्ड बनावट नाही, आणि 'एफडिस्क /एमबीआर'ने तुम्ही काही बिघडवलेले नाही. उलट गाडी एक स्थानक पुढे गेली आहे.

संगणक सुरू होताना बायॉस डिस्कचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो आणि त्यातला छोटा कार्यक्रम चालवतो. तुम्ही कार्ड शून्यांनी पुसलेत आणि लिनक्सच्या एफडिस्कने फक्त विभागांचा तक्ता लिहिलात. तो कार्यक्रम तिथे नव्हताच. म्हणून नुसता कर्सर. 'एफडिस्क /एमबीआर'ने तो कार्यक्रम लिहिला. त्याने तक्ता वाचला, सक्रिय विभाग शोधला, त्या विभागाचा पहिला सेक्टर आणला, आणि त्या सेक्टरच्या शेवटी जी दोन बाइटांची खूण असायला हवी ती त्याला सापडली नाही. तेव्हा तो म्हणतो 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'. पुढे कधी 'नॉन-सिस्टिम डिस्क' असे आले, तर समजा की विभागाचा पहिला सेक्टरही चालला, पण डॉस सुरू करणारी आयओ.सिस ही फाइल मिळाली नाही. या तीन अवस्थांची गल्लत लोक फार करतात आणि प्रत्येक वेळी सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात.

मग खूण का सापडली नाही? याचे उत्तर अंकगणितात आहे आणि ते मला फार आवडते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

लिनक्सच्या एफडिस्कने तुमचा विभाग २०४८ व्या सेक्टरपासून सुरू केला असणार. हल्ली तीच रीत आहे. विभागांच्या तक्त्यात सुरुवात दोन प्रकारांनी लिहिलेली असते : एकदा सलग क्रमांकाने आणि एकदा सिलिंडर, हेड, सेक्टर या तीन आकड्यांनी. ते तीन आकडे काढताना लॅपटॉपने डिस्कला २५५ हेड आणि ६३ सेक्टर आहेत असे मानले. ३२ हेडांचे २०१६ सेक्टर होतात, वर उरतात ३२. सेक्टर १ पासून मोजतात, म्हणून पत्ता झाला सिलिंडर ०, हेड ३२, सेक्टर ३३. तुमच्या ४८६ च्या बायॉसला मात्र १६ हेड माहीत आहेत, ० ते १५. त्याच्या हिशेबाने एका सिलिंडरमध्ये १००८ सेक्टर, म्हणून २०४८ वा सेक्टर सिलिंडर २, हेड ०, सेक्टर ३३ वर येतो. डॉसचा तो छोटा कार्यक्रम सलग क्रमांक पाहत नाही. तो तीन आकड्यांवरच जातो आणि बायॉसकडे हेड ३२ मागतो. आयडीई डिस्कच्या रजिस्टरमध्ये हेडसाठी चारच बिट असतात आणि ३२ हा आकडा चार बिटांत मावत नाही. बायॉसने वरचे बिट सोडून दिले, तर उरते हेड ०, आणि तुमच्या कार्डावर सिलिंडर ०, हेड ०, सेक्टर ३३ इथे काय आहे? तुम्हीच लिहिलेली शून्ये. वाचन यशस्वी, खूण गायब. ज्या पत्त्यावर पत्र टाकले, तो पत्ता दुसऱ्याच गावच्या घरक्रमांकांनी लिहिला होता.

यातून नियम एकच निघतो : ज्या यंत्रावर डिस्क चालवायची, त्याच यंत्रावर तिचे विभाग पाडायचे आणि त्याच यंत्रावर फॉरमॅट करायचे. लॅपटॉपवर फायली उतरवून आणायला हरकत नाही, पण ते नंतर.

५०४ एमबीचेही असेच आहे. बायॉसची जुनी सेवा जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर मागू शकते, आयडीईच्या मांडणीत हेड जास्तीत जास्त १६, सेक्टर ६३. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२ बाइट म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट. उत्पादक त्याला ५२८ एमबी म्हणत आणि डॉस त्यालाच ५०४ एमबी म्हणतो. दोन्ही बाजूंच्या मर्यादांपैकी जी लहान ती लागू झाली, म्हणून इतका कमी आकडा आला. १९९३ च्या बायॉसमध्ये पत्ते रूपांतरित करण्याची सोय बहुधा नसतेच. तुमच्या बायॉसमध्ये 'एलबीए' किंवा 'लार्ज' असा पर्याय दिसतो का, ते पाहा. नसेल तर आपोआप ओळखीवर विसंबू नका. प्रकार ४७ किंवा 'यूजर' निवडून १०२४, १६, ६३ हे आकडे हाताने भरा. काही बायॉस ७७६९ सारखा मोठा आकडा कापताना भलतेच काहीतरी उरवतात.

करायचे ते असे. लॅपटॉपवर कार्डाचा पहिला सेक्टर पुन्हा शून्यांनी पुसा. हे का, तर डॉसच्या एफडिस्कला त्या सेक्टरच्या शेवटी खूण आधीच दिसली, तर तो फक्त तक्ता बदलतो आणि कार्यक्रमाला हात लावत नाही; खूण नसेल तर स्वतःचा कार्यक्रमही लिहितो. मग कार्ड ४८६ मध्ये लावा, आकडे भरा, फ्लॉपीवरून सुरू करा, एफडिस्कमध्ये प्राथमिक विभाग पाडा आणि तो सक्रिय आहे याची खात्री करा. सगळी जागा एकाच विभागाला दिली तर तो आपोआप सक्रिय होतो, कमी दिली तर वेगळ्या पर्यायाने करावा लागतो आणि तिथे बरेच जण चुकतात. संगणक पुन्हा सुरू करून 'फॉरमॅट सी: /एस'. एवढ्यावर कार्डावरून डॉस सुरू व्हायला हवा, सेटअप त्यानंतर.

एक प्रश्न. संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी चालू केला, की बायॉसमधली तारीख टिकते का?

प्रतिसाद : कोकणातला_ओलावा

दोघांनी यंत्राचे सांगितले, मी फ्लॉप्यांचे सांगतो, कारण या प्रकरणात खरी मोलाची वस्तू त्याच आहेत.

मूळचा फ्लॉपी ड्राइव्ह फेकला असेल तर शोधून आणा. वडिलांच्या सगळ्या फ्लॉप्या त्या एका ड्राइव्हने लिहिलेल्या आहेत. वर्षानुवर्षांच्या वापराने ड्राइव्हचे हेड किंचित सरकते, आणि असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेले निमूट वाचतो, पण दुसऱ्या नीट लावलेल्या ड्राइव्हला त्याच फ्लॉपीवर चुका दिसतात. त्यामुळे १९९९ सालच्या फ्लॉप्या वाचण्यासाठी तुम्ही निकामी ठरवलेला ड्राइव्हच कदाचित सर्वांत योग्य असेल. तांबडीपट्टी यांचे निदान खरे असेल, तर तो मुळात बिघडलेलाच नव्हता.

फ्लॉपी आत घालण्यापूर्वी धातूची झडप बाजूला सरकवून, मागची चकती बोटाने हळूहळू फिरवून दोन्ही पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहा. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते, तिथे फ्लॉप्यांची काय कथा! पांढुरके, जाळीसारखे ठिपके दिसले, तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडवर चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर गोल ओरखडा उमटवते. एका डब्यातल्या एका वाईट फ्लॉपीपायी पाठोपाठच्या तीन चांगल्या फ्लॉप्या मी अशाच घालवल्या आहेत. तेव्हापासून प्रत्येक डबा सोडवताना मध्येच थांबून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने दोन्ही हेड पुसतो. वरचे हेड नाजूक पट्टीवर असते, ते उचलून धरायचे नाही.

आणि फायली एकेक करून पाहत बसण्यापेक्षा आधी प्रत्येक फ्लॉपीची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे फ्लॉपीवरचे सगळे जसेच्या तसे उतरवलेली एक फाइल, काढून ठेवा. १.४४ एमबीच्या साध्या फ्लॉप्यांसाठी यूएसबीचा बाह्य ड्राइव्हही पुरतो. तो जिथे हटून बसेल त्या फ्लॉप्या वेगळ्या ठेवा. त्यांच्यासाठी ग्रीझवीझलसारखे उपकरण जुन्या ड्राइव्हला जोडून चुंबकीय संकेतच थेट उतरवता येतात. जिस्टवर केलेला मजकूर इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संकेतावलीत असेल, तर प्रतिमा हाती असल्यावर त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर नंतर सवडीने करता येते.

सांगलीकर४८६

तिघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच गेला.

तांबडीपट्टी, चाचणी केली आणि अगदी तुम्ही लिहिले तसेच झाले : दुसरी फ्लॉपी आत, यादी पहिलीची, ड्राइव्ह मुका. केबल तपासली. सरळ धरली तर मीटर वाजतो, ड्राइव्हच्या बाजूच्या कनेक्टरपाशी अंगठ्याने किंचित वाकवली की थांबतो. भिंगातून पाहिले तेव्हा कडेची तार दातातून निम्मी निसटलेली दिसली. शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे जुन्या केबलींचा एक गठ्ठाच निघाला. त्यातली पिळ्याची एक लावली आणि दुसरी फ्लॉपी पहिल्याच झटक्यात स्वीकारली गेली. मूळचा ड्राइव्ह माळ्यावर होता, तो पुन्हा बसवला आहे. फ्लॉप्यांच्या खिडक्या उघडायला तासभर नव्हे, दोन तास लागले, कारण आईलाही त्यावरची लेबले वाचायची होती.

बायॉसबुवा, एलबीएचा पर्याय माझ्या बायॉसमध्ये नाही. पहिला सेक्टर पुसून, १०२४, १६, ६३ भरून, सगळे ४८६ वरच केले. 'फॉरमॅट सी: /एस' नंतर संगणक कार्डावरून सुरू झाला. पण तारखेबद्दलचा तुमचा प्रश्न आता कळला : आज सकाळी चालू केला तर तारीख १९८० ची, हार्ड डिस्क 'नाही' आणि फ्लॉपी ड्राइव्ह सव्वापाच इंची दाखवत होता. आकडे पुन्हा भरल्यावर सगळे चालू झाले. बॅटरी मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची आहे आणि तिच्याभोवती हिरवट-निळी पूड दिसते.

आणखी एक विचारतो. उरलेले साडेतीन जीबी वापरता येण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद : बायॉसबुवा

आधी बॅटरी, आणि आजच. ती निकेल-कॅडमियमची असते. गळालेले द्रव्य अल्कलीयुक्त असते आणि तांब्याच्या रेघा खात जाते. बहुतेक बोर्डांवर ती कीबोर्डच्या जोडणीजवळ असते, म्हणून पहिला बळी कीबोर्डचा जातो. कटरने तिचे पाय कापून काढा, डाग पडलेल्या जागी काडीने थोडा व्हिनेगर लावा, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. बोर्डवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते. तिथे योग्य व्होल्टेजचा संच लावता येतो, पण तिथला जंपर आधी 'बाहेरची बॅटरी' या बाजूला सरकवावा लागतो. बटनासारखा लिथियम सेल जुन्या बॅटरीच्याच जागी थेट डकवू नका. ते परिपथ बॅटरीला चार्जही करते आणि तसा सेल चार्ज करणे धोक्याचे आहे.

आता साडेतीन जीबी. मार्ग दोन आहेत. पहिला, डिस्कच्या सुरुवातीलाच स्वतःला बसवणारे ऑनट्रॅक डिस्क मॅनेजरसारखे साधन. ते बायॉस आणि डॉस यांच्या मध्ये उभे राहून पत्ते बदलून देते. पण मग ती डिस्क दुसऱ्या यंत्रात धड वाचता येत नाही, आणि कोणी चुकून 'एफडिस्क /एमबीआर' दिले की ते साधनच पुसले जाते. तुमचा हात त्या आदेशावर आता बसलेला आहे, म्हणून सांगतो. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे : एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायॉस हा मुक्त कार्यक्रम एका ईप्रॉमवर (कार्यक्रम साठवणाऱ्या चिपवर) उतरवून, आयएसए नेटवर्क कार्डावर बूट रॉमसाठी जी रिकामी बैठक असते तिच्यात बसवायचा. तो यंत्राच्या बायॉसऐवजी स्वतः डिस्कशी बोलतो आणि मर्यादा उठते. मात्र त्या रॉमचा पत्ता आणि जिस्ट कार्डाचा पत्ता यांची टक्कर होणार नाही हे जंपरवरून पाहावे लागेल. शिवाय हेडांचा हिशेब बदलणार, म्हणजे विभाग पाडणे आणि फॉरमॅट पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या जागी मी असतो, तर यांपैकी काहीही केले नसते. डॉस ६.२२ सगळे मिळून दहा एमबीच्या आत बसते. पाच डबे म्हणजे फार तर शंभरेक फ्लॉप्या धरा. सगळ्या काठोकाठ भरलेल्या असल्या, तरी १४४ एमबी. शिवाय ५०४ एमबीच्या विभागावर एफएटी१६ चा एक क्लस्टर ८ केबीचा असतो, तोच २ जीबीच्या विभागावर ३२ केबीचा होतो. दोन केबीचा अर्ज साठवायला ३२ केबी खर्च करण्यात काय हशील आहे? आहे तेवढी जागा तुमच्या वडिलांच्या मूळ डिस्कपेक्षा मोठीच आहे.

सांगलीकर४८६

पटले. ५०४ एमबीवरच राहतो.

बॅटरी कापून काढली. खालची एक रेघ काळी पडली होती, पण मीटरवर ती अजून जोडलेली दाखवते. व्हिनेगर लावल्यावर फेस आला, नंतर दोन दिवस बोर्ड पंख्याखाली ठेवला. बाहेरची बॅटरी मिळेपर्यंत आकडे दर वेळी हातानेच भरतो आहे. पहिल्या डब्यातल्या वीस फ्लॉप्यांपैकी सतरांच्या प्रतिमा निघाल्या, दोन अडल्या आणि एकीवर पांढरी जाळी दिसल्यामुळे ती घातलीच नाही. काल रात्री १९९६ चा एक भाडेकरार जिस्ट कार्डावर उघडला. आईने पहिली ओळ वाचली आणि घरमालकाचे नाव चुकीचे टंकले आहे, असे सांगितले.

१०२४, १६, ६३ हे आकडे आणि 'फ्लॉपी ए: १.४४' एवढे एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.